बाजूला उभे राहण्याचा नियम

मंगळवारी सकाळी पाइपलाइनची चाचणी होती. पाणी सोडले. फाट्याचे बूच सुटले. रहेमानभाई त्याच्यासमोर उभे होते. दवाखान्यात नेईपर्यंत ते गेले.

मी तिथे नव्हते. माझी बदली नगरच्या कार्यालयात, आराखड्यांच्या टेबलावर झाली होती. बातमी फोनवर कळली. सांगणाऱ्याने आधी योजनेचे नाव सांगितले, मग बूच सुटल्याचे, आणि मग थांबून विचारले, "मॅडम, बसलाय ना तुम्ही?"

या अंकासाठी मला पाणीपुरवठ्याच्या नोकरीतले गमतीचे अनुभव लिहायला सांगितले होते. तसे अनुभव आहेत आणि त्यातले एक-दोन मी सांगणारही आहे. पण लिहायला बसले की पहिल्यांदा तो मंगळवार येतो. म्हणून तोच आधी लिहून टाकला.

आमचे काम बाहेरच्यांना सोपे वाटते. धरणातून किंवा तलावातून पाणी उचलायचे, शुद्ध करायचे, पाइपातून गावोगावच्या टाक्यांत टाकायचे. कागदावर ती एक रेघ असते आणि रेघेवर बाण. जमिनीत मात्र त्या रेघेचा प्रत्येक सांधा कोणीतरी गुडघ्यावर बसून जोडलेला असतो. आमच्याकडच्या मोठ्या योजनांत बिडासारखे लोखंडी पाइप असतात. एका पाइपचे टोक दुसऱ्याच्या तोंडात सरकवायचे, मध्ये रबरी कडे. वेल्डिंग नाही, नट-बोल्ट नाहीत. रबर पाणी अडवते, पण पाइपला धरून ठेवत नाही. जिथे पाइप वळतो, संपतो किंवा त्याला फाटा फुटतो, तिथे पाठीमागे काँक्रीटचा ठोकळा ओतून पाइपला टेकू द्यावा लागतो. त्याला आमच्या साइटवर ठेपा म्हणत.

रहेमानभाई फिटर होते. गाव श्रीगोंदा तालुक्यातले, घर काष्टीला. मी नोकरीला लागले तेव्हा खात्यात साइटवर जाणारी बाई अभियंता नवलाची गोष्ट होती. पहिल्याच दिवशी मी एका व्हॉल्व्हसमोर जाऊन उभी राहिले. माझ्या बाहीला हात न लावता, नुसता हातातला लोखंडी पाना आडवा धरून त्यांनी मला मागे सारले.

"मॅडम, पान्याच्या तोंडाम्होरं उभं ऱ्हायचं न्हाई. बाजूला ऱ्हायचं. पानी सरळ मारतंय. बाजूच्याला कधी मारत न्हाई."

हा त्यांचा नियम. हाताखाली आलेल्या प्रत्येक माणसाला त्यांनी तो शिकवला. कोणी विसरला तर ओरडत नसत, "घरी सांगून आलाय का रं?" एवढेच विचारत. त्यांनी जोडलेल्या लाइनींवर माणूस जखमी झाल्याचे मला आठवत नाही. नियम पाळून मीही पुष्कळ वर्षे काढली.

आता गमतीचे.

काष्टीच्या बाजूला एक शेतकरी होते, आबा. वस्तीवर नळजोड होता आणि तक्रार कायमची: पाणी कमी येते. आम्ही गेलो की चहा आणि तक्रार दोन्ही गरम. एकदा गेलो तर तक्रार बंद. आबा खुशीत.

"आता कसं येतंय पाणी आबा?"

"लई झाक. तुमच्या इंजिनेरांना जमलं न्हाई ते आमी घरी केलं."

रहेमानभाईंना संशय आला. त्यांनी जोड उकरला. आबांनी मुख्य पाइपला भोक पाडून नळी आत सारली होती आणि आतल्या टोकाला कोपरा बसवून त्याचे तोंड येणाऱ्या पाण्याकडे वळवले होते. शेजाऱ्यांच्या नळ्या पाइपच्या अंगाला आडव्या. आबांचे म्हणणे असे, की पाणी सरळ पळत जाते, ते आडव्या नळीत मनावर घेऊन का शिरेल? यांच्या नळीत ते समोरून येऊन घुसते.

"चोरी हाय ही, आबा," रहेमानभाई म्हणाले.

"चोरी कशाची? पानी माझ्याकडंच बघत येतंय. मी तोंड वासलं, बास."

मी तिथेच मातीत बसून हिशेब करून दाखवला. आपल्या पाइपात पाणी माणूस रमत-गमत चालतो तेवढ्या वेगाने जाते. तोंड समोर केल्याने जो जास्तीचा जोर मिळतो तो वीतभर उंचीच्या पाण्याइतकासुद्धा नाही. आणि आडव्या नळीला मिळतो तो जोर टेकडीवरच्या टाकीच्या उंचीएवढा आहे, आणि तो सगळ्यांना सारखा. मग आबांना पाणी जास्त का आले? कारण उकरताना त्यांनी जुनी गंजलेली नळी काढून नवी टाकली होती.

आबांना पटले नाही. "तुमचा हिशेब ऱ्हाऊ द्या, मॅडम. माझा हंडा भरतोय." दंड भरला आणि जोड शेजाऱ्यांसारखा आडवा करून घेतला, पण पुढे भेटले की डोळा मिचकावून विचारत, "काय, पानी अजून आडवंच जातंय का?"

परतताना जीपमध्ये रहेमानभाई खूप हसले. मग म्हणाले, "पर मॅडम, त्याचं म्हननं डोळ्याला पटतंय बघा."

डोळ्याला पटते, हेच खरे. पाणी जिकडे जाते तिकडेच त्याचा दाब असणार, असे कोणालाही वाटते. वेगाला दिशा असते. पाणी पूर्वेला चालले असे म्हणता येते. दाबाला दिशा नसते. एखाद्या ठिकाणी दाब एवढा आहे, इतकेच म्हणता येते. ताप असतो तसे. अंगात ताप एकशे दोन आहे म्हणतो, उत्तरेकडे एकशे दोन आहे असे कोणी म्हणत नाही.

काष्टीच्या बाजाराच्या दिवशी गर्दी फाटकाकडे सरकत असते. चाल एकाच दिशेला. पण त्या गर्दीत सापडलेल्याला विचारा, चेंगरतो तो सगळीकडून. कडेच्या दुकानाची कनात बाहेर फुगते. गर्दी काही कनातीकडे चाललेली नसते. मधल्या माणसाला डावीकडून जेवढे रेटतात तेवढेच उजवीकडून रेटतात, म्हणून तो आडवा सरकत नाही. रेटा नसतो म्हणून नव्हे. आणि तो पुढे सरकतो कारण मागचा रेटा पुढच्यापेक्षा थोडा जास्त असतो. पाण्याला चालवतो तो दोन ठिकाणांच्या दाबातला हा फरक. त्या फरकाला दिशा आहे, दाबाला नाही. दाब सगळीकडे ढकलायला तयार असतो. कोणीकडे ढकलायचे ते समोर आलेली भिंत ठरवते. भिंत जशी उभी असेल, तिच्याशी काटकोनात तो लागतो. पाणी साठलेले असो की वाहते. वाहत्या पाण्याची पाइपशी घासाघीस होते, तिला मात्र दिशा असते, पण ती वेगळी गोष्ट आणि आमच्या कामात लहान.

अकोले तालुक्यातल्या डोंगरात आमची एक लाइन दरीत उतरून समोरच्या टेकडीवर चढत होती. दरीच्या तळाशी पाइपला वरच्या अंगाने भोक पडले आणि कारंजे उडाले. गाव बघायला लोटले. एक म्हातारबाबा काठीवर हनुवटी टेकून बराच वेळ बघत होते. मग त्यांनी रहेमानभाईंना विचारले, "मिस्त्री, पानी तर खाली उताराला चाललंय. मंग ह्ये आभाळाकडं काहून पळतंय?"

"त्येला वाट घावली बाबा, म्हनून," रहेमानभाई म्हणाले.

उत्तर बरोबर होते. पण वाट मिळाल्यावर पाणी आडवे जाते हे बघणे वेगळे, आणि वाट बंद असताना, काही हलत नसताना, तिथे तोच रेटा उभा आहे हे अंगाला कळणे वेगळे. भोकातून उडणारे पाणी डोळ्याला दिसते. बुचामागे टेकलेले पाणी दिसत नाही.

मंगळवारची चाचणी कर्जत तालुक्यातल्या नव्या लाइनीची होती. मिरजगावच्या अलीकडे एका सखल जागी मुख्य पाइपला आडवा फाटा काढला होता. पुढेमागे एका वस्तीला पाणी द्यायचे म्हणून. वस्तीची लाइन अजून टाकलेली नव्हती, त्यामुळे फाट्याच्या तोंडाला लोखंडी बूच बसवले होते, रबरी कड्यावर. बुचामागे ठेपा आराखड्यात दाखवलेला होता. ठेप्यासाठी खड्डाही खणला होता. काँक्रीट ओतलेले नव्हते.

पाणी सोडले. ते फाट्यावरून पुढे जाऊन टेकडीवरच्या टाकीत पडू लागले. लोकांनी टाळ्या वाजवल्या म्हणे. सांधे पाझरतात का हे बघायला रहेमानभाई खाली उतरले. मुख्य चर अरुंद होता आणि पाण्याच्या रेषेत होता. नियमाप्रमाणे ते बाजूला झाले. बाजूला ऐसपैस जागा एकच होती: ठेप्यासाठी खणलेला खड्डा. जिथे काँक्रीट असायला हवे होते तिथे ते उभे राहिले.

त्या बुचावर किती रेटा होता ते मी नंतर काढले. मालासकट एक छोटा टेम्पो उभा करून बुचावर ठेवला तर येईल तेवढा. रबरी कड्याने तो थोडा वेळ धरला, हेच नवल.

चौकशी झाली. दुसऱ्या विभागातले एक वरिष्ठ चौकशी अधिकारी होते, मृदू बोलणारे, अभ्यासू. तांत्रिक बाजू समजून घ्यायला त्यांनी मला बोलावले. त्याआधी शमीमभाभी, रहेमानभाईंच्या पत्नी, माझ्या घरी येऊन गेल्या होत्या. पाणीसुद्धा घेतले नाही. दारातच म्हणाल्या, "मॅडम, मला दुसरं काय नगं. लोकं म्हनत्यात, उभा जन्म पान्यात काढला आन् शेवटाला येड्यावानी पान्याम्होरं जाऊन उभा ऱ्हायला. माझा दीरच म्हनतो, मयतीत म्हनला. त्ये येडे न्हवते, एवढं तुमी कागदावर आना."

अधिकाऱ्यांच्या मसुद्यात नेमके तेच वाक्य होते: मृत व्यक्ती बुचासमोर असुरक्षित जागी उभी राहिली.

ठेकेदाराचा साइट इंजिनियर समोर बसला होता. चेहरा उतरलेला. वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, "सर, त्या फाट्यात पाणी चालूच नव्हतं. सगळं पाणी सरळ जात होतं. ज्या बाजूला पाणी जाणारच नाही तिथला ठेपा नंतर घातला तरी चालेल, असं धरलं आम्ही. वळणावरचे ठेपे सगळे घातलेत. पाणी भरल्यावर वजनानं खालची जमीन खचून पाइप दबेल, याची भीती जास्त होती."

अधिकारी माझ्याकडे वळले. "मलाही इथंच अडतंय मॅडम. प्रवाह पूर्वेला. बूच उडालं उत्तरेला. दाब पूर्वेला असताना उत्तरेला एवढा जोर आला कुठून? पाण्याचा तडाखा बसला का? कोणी व्हॉल्व्ह झटक्यात बंद केला का?"

"नाही सर. टाकीत पाणी पडतच होतं. दाब मोजायचा गेज वेळोवेळी वाचलाय, काटा हललेला नाही."

"मग?"

"सर, गेज कुठे बसवलेला असतो?"

"पाइपवर."

"पाण्याच्या समोर तोंड करून?"

"नाही. अंगावर. आडवा."

"दाब फक्त प्रवाहाच्या दिशेला असता तर आडव्या गेजचा काटा शून्यावर राहिला असता. आपण रोज आडव्या दिशेचाच दाब वाचतो आणि तो पुढच्या दिशेचा आहे असं समजतो. गेज पाइपच्या डोक्यावर बसवा, पोटाशी बसवा, कुशीला बसवा, काटा तिथंच. बूच हे गेजसारखंच. तेही कुशीला होतं."

साइट इंजिनियरने डोके खाली घातले. अधिकारी पेन टेबलावर ठेवून म्हणाले, "हे शिकलो होतो. कॉलेजात लिहिलंय मी परीक्षेत."

"शिकलो आपण सगळेच. पण आराखड्यात बाण काढतो आणि बाणाशेजारी दाबाचा आकडा लिहितो. रोज ते बघून बाण दाबाचाच वाटायला लागतो."

ठेपा नसताना चाचणी घेतली, हे पहिले कारण म्हणून लिहायला ते लगेच तयार झाले. मसुद्यातले ते वाक्य काढायला मात्र तयार होईनात. "उभे तर होतेच ना, मॅडम? खोटं कसं लिहू?"

"खोटं लिहू नका. ते तिथे का उभे होते तेही लिहा. पाण्याच्या रेषेतून बाजूला व्हायचं, हा आपल्या सगळ्या साइटवरचा नियम आहे. त्यांनी तो पाळला."

"म्हणजे नियम चूक?"

"उघड्या तोंडाशी बरोबर आहे. तिथे दाबाचा वेग झालेला असतो आणि वेगाला दिशा असते. पाणी सरळच मारतं, बाजूचा माणूस वाचतो. भरलेल्या लाइनीला मात्र बाजू नसते."

शेवटी वाक्य असे झाले: मृत व्यक्ती कामाच्या रूढ पद्धतीनुसार प्रवाहाच्या बाजूला उभी होती. ती पद्धत अशा ठिकाणी अपुरी आहे. एवढेच मिळाले. मला ते पुष्कळ वाटले.

मी काष्टीला भाभींकडे गेले. ओट्यावर बसून ते वाक्य वाचून दाखवले, मग सोप्या भाषेत सांगितले. भाभींनी ते पुन्हा वाचायला लावले. दीर आतून ऐकत होते. बाहेर आले, चप्पल घालून निघून गेले.

"मंजी त्यांची चूक न्हवती," भाभी म्हणाल्या.

"नव्हती. ते नियमाने उभे होते."

भाभींनी डोळे पुसले. मला वाटले, आता उठावे. तेवढ्यात त्यांनी विचारले, "मंग कुठं उभं ऱ्हायला पायजे हुतं?"

मी म्हणाले, "खड्ड्यात कुठेच नाही. लाइनीत पाणी असताना ठेपा नसलेल्या सांध्याजवळ जायचंच नाही. ना समोर, ना बाजूला. वर, बांधावर."

"बाजूला बी न्हाई?"

"बाजूला बी नाही, भाभी."

त्यांना हवे होते ते मी आणले होते, आणि त्याच हाताने दुसरे काहीतरी काढून घेतले होते. येडे न्हवते, हे खरे ठरले. पण ते खरे ठरायला त्यांचा नियम अपुरा ठरावा लागला, ज्याच्यासाठी लोक त्यांना मिस्त्री म्हणून मान देत होते.

"येवढी मान्सं शिकवली हो त्यांनी," त्या हळू म्हणाल्या. "समद्यांना ह्येच शिकवलं."

मग त्या एकदम उठल्या. आत जाऊन मोबाईल आणला. त्यांचा जावई अन्वर सासऱ्यांच्याच (तो त्यांना मामू म्हणे) हाताखाली तयार झाला होता आणि तेव्हा पारनेरकडे एका लाइनीवर कामाला होता. नंबर मी लावून दिला.

"अन्वर, कुठं हाय तू? कामावर? पानी सोडलंय का लाइनीत? … आरं, सासऱ्याचं सोड आता. माझं ऐक. बाजूला न्हाई उभं ऱ्हायचं. व्हय, त्येंनी सांगितल्तं, मला ठावं हाय. तरी न्हाई. आदी वर ये. खड्ड्यातनं वर ये आन् मंग माझ्याशी बोल."

पलीकडून तो काहीतरी समजावत होता. भाभी ऐकत नव्हत्या. "वर आलास का?" एवढेच विचारत राहिल्या. वर आलो असे तो म्हणाला तेव्हा त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि भिंतीला टेकून खाली बसल्या. उरलेले मी अन्वरला सांगितले. ऐकून झाल्यावर तो म्हणाला, "पर मॅडम, मामूंनी आम्हाला उलटं सांगितल्तं." मी म्हणाले, "हो."

त्याला बरेच दिवस झाले. फाट्यामागे ठेपा ओतला. वस्तीची लाइन टाकून झाली, बूच काढले, आता त्या फाट्यातून पाणी जाते. साइट इंजिनियरने ते काम सोडले, पुढे काय करतो माहीत नाही. मी निवृत्त झाले. बोलावले तर नव्या फिटरांच्या प्रशिक्षणाला जाते आणि कुशीला बसवलेल्या गेजपासून सुरुवात करते. ऐकणारे मान हलवतात. जेवणाच्या सुट्टीत त्यांच्यातला कोणीतरी दुसऱ्याला सांगत असतो, पाण्याच्या बाजूला उभं राहायचं. मी पुन्हा सांगते.

भाभी काष्टीलाच असतात. अन्वर रोज कामावर पोचल्यावर आणि खड्ड्यातून वर आल्यावर त्यांना फोन करतो.